इंगळेबाई दक्षिणेला गेल्या

ओल्या प्लॅस्टरला एक वास असतो. नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखा, पण त्याहून कोवळा आणि किंचित उबदार. माघ सरता सरता सौंसरभोवतीच्या संत्र्याच्या बागा फुलायच्या आणि त्या शुभ्र, इवल्या फुलांचा दरवळ वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर गावात शिरायचा. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मात्र तो एकटा नसे. तिथे त्याला प्लॅस्टरचा वास भेटायचा आणि दोघांतून असा काही तिसराच गंध जन्माला यायचा, की शाळेतून दमून आलेली मी उंबऱ्यावर क्षणभर थबकायचे. सुगंध म्हणावा तर त्यात दवाखाना होता आणि दवाखाना म्हणावा तर त्यात वसंत होता! त्या खोलीत एक परदेशी बाई जमिनीवर मांडी घालून बसलेली असे, कोपरापर्यंत पांढरे झालेले हात घेऊन, आणि तिच्या पुढ्यात कुणातरी लेकराचा काटकुळा पाय.

तिचं नाव इंगेबोर्ग. आमच्या जिभेला ते पेलणारं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्याची सोय लावून टाकली, त्या म्हणाल्या, "इंगेबोर काय न् फिंगेबोर काय! आपल्या इंगळेबाई." आणि ती इंगळेबाई झाली. विदर्भाच्या सीमेवरच्या आमच्या मुलखात इंगळ्यांना काय तोटा? पोस्टमनसुद्धा कधी कधी तिची पत्रं खऱ्या इंगळ्यांकडे टाकून जाई. देश तिचा डेन्मार्क. तो कुठे आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथे गाई फार आणि लोणी उत्तम, एवढी बातमी तिने स्वतःच पुरवली होती आणि तेवढ्यावर सौंसरचं समाधान झालं होतं. गाईंचा देश म्हणजे माणसं वाईट नसणार!

नागपूरच्या एका डॉक्टरांनी बस स्टँडच्या मागे पोलिओ झालेल्या मुलांसाठी एक लहानसं केंद्र काढलं होतं. गावातल्या पाच-सात प्रतिष्ठित व्यापाऱ्यांची समिती ते चालवी. त्या कामासाठी ती आली होती. वाळलेल्या पायांना मालीश करायचं, वाकडे पाय प्लॅस्टरमध्ये घालून हळूहळू सरळ आणायचे, मग लोखंडी सळ्या आणि चामड्याच्या पट्ट्यांचे ते जड बूट बांधून मुलांना उभं करायचं. डॉक्टर त्यांना कॅलिपर म्हणत, आम्ही नुसतं ‘पट्टे’ म्हणायचो. केंद्राची जागा अपुरी पडली की ती मुलांना आपल्या खोलीवर आणी. आणि तिची खोली म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. दादा, माझा थोरला भाऊ, तहसील कचेरीत नोकरीला होता. त्यानेच तिला ती भाड्याने दिली होती, आणि भाड्यापेक्षा त्याच्या मनात होती नंदा.

नंदा माझी भाची. दादाची एकुलती एक लेक. दीड वर्षाची असताना ताप आला आणि तो उतरला तेव्हा तिचा उजवा पाय कमरेपासून लुळा झालेला होता. त्यानंतर ती घरभर हातांवर सरकत फिरे. वहिनी तिला दर शनिवारी जामसांवलीला नेत. तिथल्या पहुडलेल्या मारुतीसमोर तिला बसवून डोळे मिटत. देवच जिथे आडवा होऊन विसावला आहे, तिथे आपल्या लेकीने उभं राहावं असं मागताना त्या माउलीला काय वाटत असेल? शाळेत मीच नंदाला सायकलवर बसवून नेई. मी तिथे मराठी शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हा प्रश्न गाव मला विचारून विचारून कंटाळलं होतं, पण उत्तराची वाट पाहणं त्याने सोडलेलं नव्हतं.

इंगेबोर्गशी माझं सूत जुळलं ते बहुधा याच समान धाग्यावर. दोन एकट्या बाया. एक हजारो मैलांवरून आलेली आणि एक जिथे जन्मली तिथेच राहिलेली. ती मला ताई म्हणे. मी काही दिवस तिला अहो-जाहो केलं आणि मग एका संध्याकाळी, तिने केलेलं जळकं पिठलं दोघींनी हसत हसत खाल्लं, तेव्हापासून तुम्हीची तू झाली. मराठी ती वहिनींकडून आणि शेजारणींकडून शिकली, त्यामुळे माझी पुस्तकी भाषा तिला कधी चिकटलीच नाही. निळ्या डोळ्यांची, पिंगट केसांची ती उंच बाई तोंड उघडून "काय करून राहिली वं नंदा? ऊठ ना!" असं म्हणाली, की बस स्टँडवरचे हमालसुद्धा खो खो हसत आणि तिच्यावर खूश होऊन जात.

त्या दिवसांत गावाला तिच्या एकटेपणाचं केवढं अप्रूप! एवढ्या दूर, सात समुद्र ओलांडून, ना नवरा ना भाऊ, आणि आपल्या पोरांसाठी आली! बाया तिला हळदी-कुंकवाला बोलावत आणि कुंकू लावायचं की नाही या पेचात पडून शेवटी लावून टाकत. बागाईतदार तिच्याकडे संत्र्यांच्या टोपल्या पाठवत. अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती. देवाला जसं आपण मूर्तीत बसवतो तसं ती अतिथीलाही एका चौकटीत बसवते, आणि मूर्ती बोलत नाही तोवरच ती पूजनीय असते, हे मला तेव्हा कुठे कळलं होतं?

नंदाला उभं करायला तिला दीर्घ काळ लागला. पाय गुडघ्यात इतका आखडलेला होता, की प्रत्येक प्लॅस्टर काढताना नंदा किंचाळे, तिला चावे, शिव्या देई. इंगेबोर्ग त्या शिव्यासुद्धा शिकून घेई आणि तिलाच ऐकवी, मग रडता रडता पोरगी हसत सुटे. अखेर एका सकाळी पट्टे बांधून, भिंतीचा आधार सोडून नंदा अंगणातल्या तुळशीपर्यंत चालत गेली. वहिनींनी धावत जाऊन तुळशीला हळद-कुंकू वाहिलं. दादा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो बाहेर आला आणि लहान मुलासारखा रडू लागला. पुढच्या शनिवारी नंदा जामसांवलीच्या देवळात स्वतःच्या पायांनी गेली. इंगेबोर्ग चपला काढून तिच्यामागे. देवळातले लोक मारुतीच्या चमत्काराचा जयजयकार करू लागले, तशी मी तिच्याकडे पाहिलं. ती मजेत प्रसाद खात होती. "दोघांनी केलं," ती म्हणाली. "त्यानं न् मी. तो रात्रपाळी, मी दिवसपाळी."

नंदाने बूट-सळ्यांच्या आवाजासह मॅट्रिकची परीक्षा दिली, पास झाली आणि पुढे शिकायचं म्हणू लागली. इथवरची गोष्ट सुखाची आहे. इथेच तिचा शेवट करता आला असता, तर मी लिहायला बसलेच नसते.

लेक चालायला लागली आणि आईबापांच्या मनात तिच्या लग्नाचा विचार चालायला लागला. यात वाईट काय होतं? काहीच नाही. सरकणाऱ्या मुलीचं लग्न त्यांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. उभ्या राहिलेल्या मुलीचं पाहिलं. पण ज्या पट्ट्यांनी तिला उभं केलं तेच पट्टे आता घराला डोळ्यांत खुपू लागले. पांढुर्ण्याच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरून विचारणा आली. मुलगा दुकानावर बसणारा, घर खातंपितं. नात्यातल्या कुणीतरी मुलीच्या पायाबद्दल "लहानपणी जरा मुरगळला होता" एवढंच सांगितलं होतं.

मी दादाला म्हटलं, "सांगून टाक ना रे. आज ना उद्या कळणारच."

"लग्न झाल्यावर कळू दे," दादा म्हणाला. "मग मानूस संभाळून घेते. आधी सांगितलं तर कोन येईल पाह्याले?"

"आणि नंदाला विचारलंस?"

तो चपला घालून अंगणात गेला. वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "तुमचं काय जाते, वन्सं! तुमच्या पोटी पोरगी नाही."

असं वाक्य भांडण संपवण्यासाठीच असतं. ते बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तर ते शेवटचं राखून ठेवतात.

पाहुणे यायच्या दिवशी नंदाला आधीपासूनच सतरंजीवर बसवून ठेवलं. जांभळी साडी, पायांवर नीट पसरलेल्या निऱ्या. पट्टे आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे. "आत्या," ती माझा हात धरून म्हणाली, "मले लहान होती तेव्हासारखं वाटून राहिलं. जसं कोणी पाय काढूनच घेतले." मी तिच्याजवळ बसून राहिले. दुसरं काय करणार होते? इंगेबोर्गला वहिनींनी सकाळीच सांगितलं होतं, की पाहुणे येणार आहेत, तर आजचा दिवस पांढुर्ण्याला मुलं तपासायला जा, संध्याकाळी ये. कसले पाहुणे, हे सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही. पाहुणे म्हणजे जागा हवी, एवढाच अर्थ तिच्या सरळ मनाने घेतला.

पांढुर्ण्याची बस त्या दिवशी आलीच नाही. बराच वेळ स्टँडवर ताटकळून ती परत फिरली. पाहुण्यांपुढे पोहे ठेवलेले होते, मुलाची आत्या नंदाला विणकाम-भरतकाम विचारत होती, आणि दारात इंगेबोर्ग उभी राहिली. साडीतली, कुंकू लावलेली नंदा तिने प्रथमच पाहिली. तिचा चेहरा असा काही उजळला, की तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपण घडवलेली मूर्ती कुणी सजवून मखरात बसवावी आणि शिल्पकाराने ती अवचित पाहावी, तसा!

"अगं माय! नंदा, किती सुंदर!" ती म्हणाली. आणि मग कपाळाला आठी घालून, "पण पट्टे काहून नाही घातले? उठशील तर पडशील ना!"

पोह्यांच्या बशीत चमचा थांबला. मुलाच्या आत्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "ह्या बाई कोण?"

"भाडेकरू आहेत," दादा म्हणाला.

"कसले पट्टे?"

दादाने पोह्यांची बशी पुढे सरकवली. तेव्हा आत्याबाईंनी सरळ तिलाच विचारलं. इंगेबोर्गने एकदा दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. काहीतरी बिनसलं आहे हे तिला जाणवलं होतं, पण काय, ते कळलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाला आहे ते उत्तर द्यायचं, एवढंच तिच्या देशाने तिला शिकवलेलं. "नंदाले पोलिओ झाला होता," ती म्हणाली. "आता ती छान चालते. पट्टे घालून स्टेशनपर्यंत जाते. माझी सर्वांत हुशार मुलगी आहे." त्या वाक्यातला अभिमान ऐकणारी त्या खोलीत मी एकटीच होते. बाकीच्यांनी फक्त एक शब्द ऐकला होता.

पाहुण्यांनी चहा घेतला. घेतलाच, आपल्याकडे चहा न घेता उठणं असभ्यपणाचं. मग "कळवतो" म्हणून ते निघाले. दाराशी आत्याबाई वहिनींना हलक्या आवाजात म्हणाल्या, "खोटं नव्हतं बोलायचं वो बाई. आमीबी लेकीबाळीवाले आहोत." गंमत पाहा! खोटं बोलले आम्ही, आणि गावाने दोषी ठरवलं खरं बोलणारीला.

पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात, रक्त वाहतं, बाहेरचे लोक त्या रानटीपणाला नावं ठेवतात. मला त्या दगडांचं फारसं काही वाटेनासं झालं आहे. ते निदान दिसतात तरी! कुठून आले ते कळतं, आणि दुसऱ्या दिवशी दगड मारणाराच डोक्याला पट्टी बांधायला येतो. पण इंगेबोर्गवर जे दगड आले ते कुणाच्या हातातून सुटताना कुणी पाहिले नाहीत. विहिरीवर, भाजीच्या हातगाडीपाशी, पिठाच्या गिरणीत एकच बोलणं सुरू झालं: परदेशी बाईने पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. जी मंडळी काल म्हणत होती, "एवढ्या दूर एकटी आली, केवढी हिंमत!", तीच आज म्हणू लागली, "एवढ्या दूर एकटी आली, म्हणजे काहीतरी असंलच ना!" शब्द तेच होते. फक्त डोळे बारीक झाले होते.

दादा दुष्ट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. खोली रिकामी करा असं सांगताना त्याची नजर जमिनीला खिळलेली होती. "तुमचे उपकार हायेत आमच्यावर," तो म्हणाला, "पन आता ह्या घरात तुमी नको." उपकार मान्य करून उपकारकर्त्याला दार दाखवणं! इतकी सभ्य कृतघ्नता फक्त चांगल्या माणसांनाच जमते. मी भांडले. त्या घरात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. उपयोग झाला नाही. अविवाहित बहिणीचा आवाज घरात किती चालतो? स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत, त्यापलीकडे नाही.

"मी काय वाईट बोलली, ताई?" तिने मला विचारलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मी सांगत राहिले, की तू काहीच वाईट बोलली नाहीस. तिला ते माझ्याकडून नको होतं, नंदाकडून हवं होतं. ती नंदाच्या खाटेपाशी जाऊन बसली. "तू सांग, नंदा. मी चुकली?"

नंदाने भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीकडे पाहतच म्हणाली, "तुमच्या खऱ्यानं माझं काय भलं झालं?"

अठरा-एकोणीस वर्षांची पोर. गावाने तिच्या तोंडात घातलेला प्रश्न तिने विचारला. इंगेबोर्ग उठून आपलं सामान बांधायला गेली, आणि मी त्या प्रश्नाचं उत्तर अजून शोधते आहे.

मग खोलीचा शोध. मीच तिच्याबरोबर फिरले. रिकाम्या खोल्या कितीतरी होत्या. आम्ही पोहोचेपर्यंत त्या भरून जात. कुणाचा पुतण्या यायचा असे, कुणाचं छत गळत असे. एका शिक्षिकेच्या घरी मात्र खरं उत्तर मिळालं, "बाई, आमच्या घरी लग्नाच्या पोरी आहेत. एकटी बाई ठेवली तर लोक काय म्हणतील?" बोलता बोलता त्या बाईंची नजर इंगेबोर्गवरून ओघळत माझ्या मोकळ्या गळ्यापर्यंत येऊन थांबली. मला समजलं, की हे वाक्य दोघींसाठी आहे. फरक एवढाच, की तिला घर नाकारता येत होतं. मला भाऊ होता.

तेही तिने सोसलं असतं. केंद्राच्याच एका कोपऱ्यात ती अंथरूण टाकून राहू लागली होती. पण मुलं यायची थांबली. विशेषतः मुली. आयांना भीती वाटू लागली, की ही बाई उद्या आपल्याही पाहुण्यांपुढे बोलेल. इलाज सगळ्यांना हवा होता, पण तो चोरून हवा होता. समितीच्या लोकांनी तिला सन्मानाने बोलावून, शाल देऊन, सध्या केंद्र बंद ठेवावं असं सुचवलं. शाल उंची होती.

तमिळ मुलखात दिंडिगलच्या बाजूला असंच एक केंद्र होतं, तिथे माणूस हवा होता. नागपूरहून मद्रासची गाडी. सौंसरच्या स्टँडवर तिला पोहोचवायला मी एकटी गेले. बस संत्र्यांच्या पेट्यांनी भरलेली होती. "तिथं भाषा येत नाही तुला," मी म्हटलं. "कुणी ओळखीचं नाही."

"ते चांगलं आहे ना वं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मायदेशी परत का गेली नाही, हे मी विचारलं नाही. जिथे जन्मलो तिथे आपण परके नसतो, असं थोडंच आहे? ते मला कुणी सांगायला नको होतं.

दोन वर्षांनी नंदाचं लग्न झालं. तिगावचे शेतकरी, संत्री-कापूस, मुलगा बिजवर, पहिलीची दोन लेकरं. या वेळी बसने घोटाळा केला नाही आणि खरं बोलणारं घरात कुणी नव्हतं. तिगाव पांढुर्ण्याच्या पुढचंच स्टेशन. मी पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा नंदा मागच्या पडवीत बसून कापसातली सरकी निवडत होती. सासरच्यांना कळलं होतं. त्यांनी मारलं नाही, हाकललं नाही. फक्त पट्ट्यांचा लोखंडी आवाज चारचौघांत बरा वाटत नाही म्हणून ते माळ्यावर टाकून दिले. "बसून करायची कामं का कमी असतात?" तिची सासू मला अगदी समजूतदारपणे म्हणाली. नंदा घरात पुन्हा हातांवर सरकत होती. गुडघा पहिल्यासारखा आखडला होता. मी पट्टे मागितले, तर सासू हसली; नंदाने मान हलवली. "राहू द्या आत्या. सवय होऊन गेली."

सवय! केवढा सोज्ज्वळ शब्द आहे! किती प्रेतं आपण या एका शब्दाखाली झाकून ठेवली आहेत!

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या शिक्षकांची रामेश्वर-कन्याकुमारीची सहल निघाली. नववर्षाला इंगेबोर्गचं एखादं कार्ड येई, त्यामुळे पत्ता माझ्याजवळ होता. मदुरेला मी मंडळींना सांगून एक दिवस वेगळी झाले आणि बसने तिच्या गावी गेले. नारळी, तांबडी माती, आणि एक अक्षर वाचता येईल अशी पाटी कुठे नाही. पत्ता दाखवला तर एक म्हातारी "इंगम्मा? इंगम्मा!" करत मला हाताला धरून घेऊन गेली. इथेही लोकांनी तिचं नाव आपल्या जिभेवर बेतून घेतलं होतं.

ती दारात आली आणि मी पाहतच राहिले. केस पांढरे झालेले, त्यात मोगऱ्याचा गजरा. सुती साडी. पायांच्या बोटांत चांदीची जोडवी. आणि गळ्यात हळदीने पिवळ्याजर्द केलेला दोरा, त्यात सोन्याचा इवलासा डाग. त्या बाजूचं मंगळसूत्र. मी तिला मिठी मारली आणि ओरडलेच, "अगं, लग्न केलंस! कळवलं नाहीस!"

तिने आधी माझ्यामागच्या म्हातारीला गोड हसून वाटेला लावलं. मग दार लोटून घेतलं आणि इतक्या वर्षांनंतरही तशाच राहिलेल्या सौंसरच्या बोलीत म्हणाली, "नाही वं ताई. दुकानातून घेतलं."

"म्हणजे?"

"नवरा बोटीवर असते. मोठी बोट. दोन वर्षांतून एकदा येते, तेही मुंबईले. मी जाऊन भेटून येते." ती हे अशा सराईतपणे सांगत होती, की क्षणभर मला तो नवरा दिसला, टोपी घातलेला. "इथं आली त्याच दिवशी सांगून टाकलं. मग कोणी काही विचारलं नाही. घर भेटलं. पोरं येऊन राहिली. पोरी पण."

"आणि पोरींची लग्नं?"

"आई येऊन सांगते, अम्मा, उद्या पाहुणे हायेत. मी त्या दिवशी सिनेमाले जाते." ती हसली. ते हसणं मी ओळखत नव्हते. "तुझ्या गावानं मले मराठी शिकवली ना, तसं हे पण शिकवलं."

केळीच्या पानावर तिने मला वाढलं, स्वतःलाही घेतलं. दोन घास झाल्यावर तिने विचारलं. मला ठाऊक होतं, की ती विचारेल. "नंदा चालून राहिली ना?"

काय सांगायला हवं होतं मी? बोटीवरच्या नवऱ्याच्या त्या घरात एक असत्य आणखी सामावलं असतं. पण तिच्यापुढे मला ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं: तिगाव, पडवी, माळा, गुडघा. ती ऐकत राहिली. मग उठली, भरलेलं पान तसंच दुमडून गाईला टाकून आली, हात धुतले, खूप वेळ धुतले. परत येऊन माझ्यासमोर बसली तेव्हा तिचा आवाज शांत होता. "तू खरं सांगितलं, ताई. खोटं सांगितलं असतं, तर आज मी जेवली असती."

सहल संपली. नागपूरला बाकीची मंडळी सौंसरच्या बसला लागली. मी मात्र इटारसीकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले. तिगावला उतरून नंदाला भेटायचं होतं. इंगेबोर्गने तिची आठवण काढली होती, एवढं तरी तिला सांगावं. बाकी काय सांगावं, ते मात्र ठरत नव्हतं. डब्यात गर्दी होती. मी कशीबशी बाकाच्या कडेला टेकले. समोर बैतूलला निघालेल्या एक बाई होत्या, मराठीच, सुस्वभावी, मांडीवर डब्यांची पिशवी, शेजारी पसरलेलं त्यांचं पोर. त्यांनी माझं गाव विचारलं, नोकरी विचारली, आणि मग तो प्रश्न आला, जो माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक प्रवासात येत आला आहे.

"आणि मिस्टर काय करतात?"

वर्षानुवर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते, आणि त्यानंतर उतरणारी ती विशिष्ट शांतता, ती दया, ते किंचित आवरून घेतलेले पदर, हे सगळं मला तोंडपाठ होतं.

"बोटीवर असतात," मी म्हटलं.

"अगबाई! म्हणजे सगळा भार तुमच्यावरच की!" बाईंच्या डोळ्यांत केवढा आदर दाटून आला! त्यांनी पोराला उठवून मांडीवर घेतलं, मला आपल्या बाकावर नीट ऐसपैस बसायला जागा करून दिली, डब्यातली पुरी-भाजी पुढे केली. मंगळसूत्र प्रवासात चोरांच्या भीतीने काढून ठेवावं लागतं, हेही त्यांनीच म्हणून टाकलं. मला तेवढंही खोटं बोलावं लागलं नाही. खिडकीतून वारा येत होता. मी पाठ टेकून बसले. किती सोपं होतं! आणि किती आराम होता त्यात! पांढुर्णा गेलं, तिगाव आलं. मी पिशवी घेऊन उतरले. गाडी हलली तशी बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हात हलवला.

"साहेबांना आमचा नमस्कार सांगा हं!"

"सांगते," मी म्हणाले.